आरामखुर्चीतली म्हातारी

डच शिल्पकारांचा जीवनगौरव पुरस्कार यंदा ब्याऐंशी वर्षांच्या हिस्केबाईंना मिळाला. पुरस्कार म्हणजे ब्राँझची छोटी मूर्ती, आरामखुर्चीत रेललेली म्हातारी.

"खूप केलंत, आता निवांत बसा," समितीचे अध्यक्ष रूलोफ गोड हसून म्हणाले. बाईंनी मूर्ती हातात घेऊन नुसती तोलून पाहिली.

वसंतात समुद्राच्या बांधावर त्यांचं नवं शिल्प उभं राहिलं. खारा वारा छातीवर घेणारी, ताठ मानेची म्हातारी. रूलोफ बघायला आले. आधी बाईंच्या घरी डच रिवाजाप्रमाणे कॉफी आणि एकुलतं एक बिस्किट झालं होतं.

"घरात आमचा पुरस्कार कुठे दिसला नाही तो?"

"ब्राँझ कमी पडत होतं," शिल्पाच्या पोटरीवर थाप मारत हिस्केबाई म्हणाल्या. "वितळवून हिच्या पायांत ओतला. बसून बसून मुंग्या आल्या होत्या बिचारीला."