उंबऱ्याबाहेरचं दही

"अगं, घरात बसून घेतलेलं दही लागू पडत नाही. चपला घाल, बाहेर हो," कुमुदताई सुनेला म्हणाल्या. तार ऑफिसातल्या मुलाखतीच्या दिवशी त्यांच्या सासूबाईंनीही उंबऱ्याबाहेर उभं करूनच हातावर दही-साखर ठेवली होती, आणि नोकरी लागली होती.

"आई, मुलाखत लॅपटॉपवर आहे. आतल्या खोलीत," हेमांगी हसली. मोठ्या कंपनीतली वरिष्ठ इंजिनिअरची जागा होती. लेकीसाठी काही वर्षं घरी राहिल्यानंतरची पहिलीच संधी. तरी तिनं चपला घातल्या. वाटी घेऊन मागोमाग आलेल्या कुमुदताईंनी सवयीनं दार ओढून घेतलं आणि लॅच लागलं. जादा किल्ली शेजारी असायची, पण शेजारी गावाला गेलेले.

नशिबानं फोन हेमांगीच्या हातात होता. ती जिन्यावरूनच मुलाखतीला हजर झाली. कुमुदताई वरच्या पायरीवर वाटी धरून चोरासारख्या बसल्या.

"जिन्यात कशा तुम्ही?" फोनवरच्या बाईंनी विचारलं.

"दार लागलं, किल्ली आत राहिली."

"कोणाच्या चुकीनं?"

"कामावरही मी ते आधी विचारत नसे. आधी काम सुरू करायचं, मग पुन्हा तसं होऊ नये अशी सोय करायची."

बाई हसल्या. कुमुदताईंनी पदरानं डोळे टिपले.

नोकरी लागली. काम घरूनच होतं, तरी पहिल्या दिवशी हेमांगी आपण होऊन चपला घालून उंबऱ्याबाहेर उभी राहिली आणि तिनं हात पुढे केला. कुमुदताईंनी आधी कमरेची किल्ली वाजवून दाखवली, मग दही ठेवलं.