शिकाऊ कुत्रा

दाराखालच्या धातूच्या पट्टीला नखं न लावता बार्ली थांबला. बोटभर अंतर राखून, आपणहून. वर्नाने ते पाहिलं आणि नजर वळवली.

"बाई, आज पुन्हा?" हॉस्पिटलच्या दारावरचा लॉनी खुर्चीतून उठला. "शिकाऊ कुत्रा आत नाही. रोज काय सांगायचं?"

"पुलापलीकडे चालतो. आयडाहोत शिकाऊ कुत्र्यालाही हक्क आहे."

"मग आयडाहोत आजारी पडायचं! हे वॉशिंग्टन आहे. इथे पुरता तयार झालेला कुत्रा लागतो."

तिचा भाऊ ड्वाइट मागून कुजबुजला, "अगं, तयार आहे म्हण ना. दाखला कुणी मागत नाही. शिकवणारी तू. तू म्हणशील तेव्हा तो तयार."

"मी खोटं बोलणार नाही."

"आली सत्याची पुतळी! लेक वर पडलीय आणि ही कायदा पाळतेय."

लेक म्हणजे कॉरिन. ऑगस्टमध्ये तळ्यात पोहताना तिला फेफरं आलं. बाहेर काढेपर्यंत उशीर झाला. तेव्हापासून तीन महिने तिचा श्वास यंत्र घेत होतं. बार्ली तिच्यासाठीच शिकत होता. झटका येण्याआधी सावध करायला. त्याला तिच्या उशाशी नेल्याशिवाय आपण वर पाऊल टाकणार नाही, असं वर्नाने सांगून टाकलं होतं. म्हणून ती रोज पूल ओलांडून यायची, दारात भांडायची आणि परत जायची. ड्वाइट एकटाच वर जाऊन यायचा.

"डॉक्टर तुलाच विचारतात," तो म्हणाला. "मामाच्या शब्दाला इथे किंमत नाही. सही आईचीच हवी म्हणे."

"मग कुत्र्याला सोडा म्हणावं."

लिफ्ट उघडली. डॉक्टर ओकाडा स्वतः खाली आल्या होत्या.

"खास परवानगी काढलीय," त्या म्हणाल्या. "कुत्र्याला घेऊन चला."

लॉनी बाजूला झाला. "जिंकलात की, बाई!"

बार्लीने मान वर करून वर्नाकडे पाहिलं. ती जागची हलली नाही. ड्वाइटने तिला कोपराने ढोसलं, तरी नाही. मग तिने पट्टा त्याच्या हातात दिला.

"तो सप्टेंबरातच तयार झाला, ड्वाइट."

"काय?"

ती डॉक्टरांकडे वळली.

"इथेच सांगते. तिला पाहिल्यावर जमायचं नाही. यंत्र काढा. माझी संमती आहे."