पाच हजार वेढे

मॅनेजर खंडेराव चपला न काढताच आत आले, तेव्हा शकीला अठराशे चाळिसाव्या वेढ्यावर होती. पदर ओढून घ्यायला हात मोकळा नव्हता. तिने तो दातांत धरला आणि रहाट फिरवत राहिली. मोजणी मनातल्या मनात चालू होती.

रहाट तिच्या माहेरचा, मालेगावचा. मागासाठी सुताच्या कांड्या भरण्यात तिचं लहानपण त्याच्यापुढे गेलं होतं. आज कांडीच्या जागी लोहचुंबकाचा तुकडा होता आणि सुताच्या जागी तांब्याची तार, केसाहून बारीक. समोर तिचा नवरा इनायत रीळ धरून बसला होता. देवळाली कॅम्पच्या भंगारातले टेलिफोन उकलून त्याने ही तार जमवली होती. होती तेवढी सगळी त्या रिळावर.

खंडेरावांनी खोलीभर पाहिलं. कोपऱ्यात देवराम ग्रामोफोनवाल्याकडून मागून आणलेला रेडिओ. भिंतीला टेकून एक सागवानी फळी, तिला गिटारची मान आणि सहा तारा. गिटारचं पोट इनायतने करवतीने कापून बाजूला टाकलं होतं. नुसती फळी वाजवली तर शेजारच्या माणसालाही ऐकू येत नसे. चुंबकावर वेढे गुंडाळायचे, तो तारांखाली बसवायचा, वेढ्यांची दोन टोकं रेडिओला जोडायची. मग आवाज निघे. केवढा निघे, हीच तक्रार घेऊन खंडेराव आले होते.

परवा बोळापलीकडच्या त्यांच्या थिएटरात नायिका जीव द्यायला विहिरीकडे निघाली होती. बोलपट असल्यामुळे ती गात गात निघाली होती. नेमकी तेव्हाच इनायतने खिडकीत बसून फळी वाजवली. तिसऱ्या वर्गाच्या लोकांनी बाजूचं दार उघडलं आणि नायिकेकडे पाठ करून ते बोळात ऐकत उभे राहिले. नायिका एकटीच बुडाली. मालकांनी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. मालक, खंडेरावांच्या मते, हळव्या मनाचे होते. गेल्या दिवाळीत बोलपट आला आणि मूकपटांना पडद्याखाली बसून वाजवणाऱ्या तिघांना काढावं लागलं, तेव्हा त्यांनी प्रत्येकाचा हात हातात घेतला होता. इनायत त्या तिघांतला.

मालक अजूनही हळवेच होते. इनायतला दारावर तिकिटं फाडायची नोकरी, खाकी कोटासकट, सोमवारपासून. अट एकच. फळी चुलीत, आणि आजच. नाहीतर चौकीत द्यायचा अर्ज लिहून तयार होता. तो तयार आहे हे खंडेरावांनी खिशावर हात ठेवून दाखवलं.

दिवाळीपासून इनायतच्या हाताला काम नव्हतं. त्याने शकीलाकडे पाहिलं. रहाटाची गती कमी झाली नाही.

"कोट कुणाचा आहे?" त्याने विचारलं.

"यादवचा. तो कॅम्पात कामाला लागला. तुला थोडा ढगळ होईल, पण दारावर कोण माप बघतंय."

इनायतने मान हलवली.

"मॅनेजरसाहेब, आठ वर्षं मी तुमच्या पडद्याखाली वाजवलं. एकदा तरी कुणी मान वळवून बघितलं?"

"लोक सिनेमा बघायला यायचे, इनायत. तुला बघायला नाही."

"परवा वळवली."

खंडेरावांनी रहाटाकडे बोट दाखवून, हे काय चाललंय, असं विचारलं. इनायतने काही लपवलं नाही. परवाचे वेढे दोन हजार होते. तेवढ्यात आवाज तिसऱ्या वर्गाच्या बाकांपर्यंत गेला. मागच्या खुर्च्यांपर्यंत जायला पाच हजार लागतील असा त्याचा अंदाज होता. कोट त्यांनी यादवलाच परत करावा.

"आधी हे बंद कर," म्हणत खंडेरावांनी रहाटाच्या चाकावर हात ठेवला.

तार तुटली. तुटल्याचा आवाजसुद्धा झाला नाही. चुंबकावरचे वेढे मात्र सैल होऊन घसरायला लागले. शकीलाने त्यांच्यावर अंगठा दाबला आणि दातांतला पदर सोडला.

"ते टोक धरा," ती म्हणाली.

टोक खंडेरावांच्याच बोटांपाशी होतं. त्यांनी ते चिमटीत पकडलं. थिएटरात खुर्ची मोडणाऱ्याला भरपाई होईपर्यंत दारात उभं करायची पद्धत त्यांनीच सुरू केली होती. इनायत उठला. त्याने स्टोव्ह पेटवला, तार सांधायला डाग द्यायची सळई तापत ठेवली आणि कथील शोधायला लागला. कथील लवकर सापडेना.

पलीकडे थिएटरची पहिली घंटा झाली. खंडेरावांनी दाराकडे पाहिलं, मग चिमटीकडे.

"भाभी, खेळ सुरू होतोय. अजून किती?"

"हलू नका. दोन हजार एकशे बारा झालेत," शकीला म्हणाली. "राहिले दोन हजार आठशे अठ्ठ्याऐंशी."

दुसरी घंटा झाली. खंडेराव हात वर धरून उभे होते, श्वाससुद्धा बेताने घेत. त्यांच्या चिमटीत काही आहे, हे दारातून कुणाला दिसलं नसतं.