गजेंद्र रक्त देत नाही

"मी येत नाही," गजेंद्र म्हणाला आणि फवारणीच्या पंपाचा नोझल पुसत बसला.

वंदना दारातच थांबली. नांदुऱ्याहून दोन बस बदलून ती उंद्रीला, भावाकडे आली होती. एसटीत कंडक्टर असलेल्या बाईला गणपतीच्या गर्दीत रजा मिळवायला काय काय करावं लागतं, ते तिलाच ठाऊक.

"दादा, दोनशे पावलांवर समाजमंदिर हाय. डॉक्टर लोक नागपूरवरून येऊन बसले. एक सुई टोचायची. तेवढं जमत नाही तुले?"

"फवारणी हाय."

"मागच्या खेपी पेरनी होती. त्याच्या आंधी हरभरा होता."

"शेतकऱ्याले कामं असतात, वंदे."

हा तिसरा नकार होता.

दोन वर्षांपूर्वी नागपूरच्या एका संशोधन संस्थेतून वंदनेला फोन आला होता. तुमच्या रक्ताच्या नात्यातल्या एका व्यक्तीच्या जनुकात कॅन्सरला कारण होणारा बदल सापडला आहे, तो पिढ्यान्‌पिढ्या उतरतो, तुम्हीही तपासून घ्या. व्यक्ती कोण, ते सांगता येत नाही. वंदना कुरकुरत गेली. तोच बदल तिच्यातही निघाला. पाठोपाठच्या तपासणीत छातीत वाटाण्याएवढी गाठ सापडली. हाताला लागतही नव्हती. ऑपरेशन वेळेत झालं. आणखी वर्ष गेलं असतं तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले.

ती व्यक्ती म्हणजे आपली जनकाआत्या, हे वंदनेनं केव्हाच ठरवून टाकलं होतं. हिवरा आश्रम गावात दिलेली ही आत्या त्याच रोगानं, फोन यायच्या आदल्या वर्षी गेली होती. दवाखान्यात तिचं रक्त ठेवलेलं असणार. "आत्या गेली, पन मले वाचवून गेली," असं वंदना बसमधल्या ओळखीच्या बायकांनाही सांगायची.

आणि सख्खा थोरला भाऊ? तो ऑपरेशनच्या दिवशी तिरुपतीला होता. महिन्याभरानं भेटायला आला तो डोकं सफाचट करून, प्रवासानं पार वाळून. "नवस होता," म्हणाला. दहा मिनिटं बसला आणि उठला. वंदना ते विसरली नव्हती.

"बायकायचा रोग म्हनून लाजून राह्यला का रे?" तिचा आवाज भरल्या बसमध्ये चढतो तसा चढला. "मानसाच्या रक्तातही असते ते. तुह्याकडून पोरींकडे जाते. नागपूरच्या मॅडमनं मले एकदा सांगतलं, मी तुले पन्नासदा सांगून राह्यली."

"माहीत हाय मले."

"मंग?"

"पोरींले घेऊन जाय. दोघींले सांगून ठेवलं म्या. पूनम कालच चिखलीहून आली त्याच्यासाठी."

वंदनेचं डोकं सणकलं. "अरे, तुह्यात नसन तर पोरींले सुई लावायची गरजच नाही! तू एकटा ये, दोघी सुटल्या. इतकं सोपं हाय. तर तू बसला घरात, अन् लेकरांले पुढं करून राह्यला?"

गजेंद्रनं नोझलमध्ये फुंकर मारली. तो उजेडाकडे धरून पाहिला. "पोरींचं पुढं ढकलू नको, वंदे. आजच होऊ दे."

वहिनी चहा घेऊन आली होती. हलकेच म्हणाली, "जाऊ द्या ना बाई. त्यायले नका बोलू."

"तुमीच लाडावून ठेवलं त्याले, वहिनी."

वहिनीनं अर्धे राहिलेले कप उचलले आणि आत गेली.

समाजमंदिरात पूनमनं मुकाट्यानं बाही वर केली. धाकटी डिंपल, एकोणीस वर्षांची, डोळे गच्च मिटून पाळीची वाट पाहत बसली. दोघींकडे बघून वंदनेचा संताप आणखीच वाढला. ती तडक टेबलापाशी गेली. तिथं संस्थेच्या समुपदेशक निशिगंधा मॅडम बसल्या होत्या.

"मॅडम, तुमी सोता चला. माह्या भावाले दोन शब्द सुनवा."

"राहू द्या ताई. मुलींचं रक्त मिळालं, तेवढं पुरे आहे."

"काऊन पुरे? तुमीही त्याले पाठीशी घालून राह्यले?" वंदनेचं लक्ष मॅडमच्या हाताखालच्या कागदाकडे गेलं. "हे काय हाय?"

मॅडम जरा घुटमळल्या. "तुमच्या घराण्याची वंशावळ. नावं लिहीत नाही आम्ही. गोल म्हणजे बाई, चौकोन म्हणजे पुरुष. ज्यांना कॅन्सर झाला, त्यांचं चिन्ह काळं भरायचं."

"अन् हा बान?"

"ज्या व्यक्तीपासून शोध सुरू झाला, तिच्यासाठी. त्या व्यक्तीनंच आम्हाला घरच्यांचे फोन नंबर दिलेले असतात."

"आत्या माही," वंदना म्हणाली.

मॅडम काही बोलणार तोच मागे खुर्ची सरकली. डिंपलला घेरी आली होती. मॅडम पाण्याचा ग्लास घेऊन धावल्या.

पूनमनं बहिणीला धरलेलं पाहून वंदनेला जरा धीर आला. मग तिनं टेबलावरचं पेन उचललं. दादाच्या चौकोनावर ठळक अक्षरांत 'नकार' लिहायचं तिनं ठरवलं. लोकांना कळू दे, या घरात कोण घाबरट निघाला.

तिनं कागद आपल्याकडे फिरवला आणि वरून बोट फिरवत खाली आली. आजा, आजी. त्यांच्याखाली आत्याचा काळा गोल. त्याला बाण नव्हता. शेजारी बाप, मग आई.

आई-बापाखाली दोनच चिन्हं होती. काळा गोल तिचा. त्याच्या शेजारचा चौकोनही काळा भरलेला होता, आणि कागदावरचा एकमेव बाण त्याच चौकोनाकडे होता.