पंपावरचा आकडा

“काचेवरचं हळदकुंकू तेवढं पुसू नको,” देवराम अण्णा म्हणाले. “खंडेनवमीचं हाय ते. बाकी काय खोलायचं ते खोल.”

लखनने मान हलवली. वर बघायची त्याची हिंमत नव्हती.

ओझरच्या या घरातली पुढची खोली अण्णांनी सुनेला, मनीषाला, देऊन टाकली होती आणि स्वतःची खाट मागे हलवली होती. टेबलावर लखननेच जुळवलेला, एका बाजूला काच असलेला कॉम्प्युटर होता. प्रोसेसर गार ठेवायला आत पाण्याच्या नळ्या, आणि पंपाच्या डोक्यावर पेल्याच्या तोंडाएवढा गोल स्क्रीन. त्यावर निळा आकडा: ३८. पाण्याचं तापमान.

म्हणजे, घरातल्यांच्या मते तापमान. खरं तर तो नुसता फोटो होता.

झालं होतं असं. अण्णांची सगळी नोकरी विमानाच्या कारखान्यात गेली. खंडेनवमीची हत्यारांची पूजा त्यांनी कधी चुकवली नाही, आणि सुनेचं मशीन त्या दिवशी पूजेला हवंच, असा त्यांचा हट्ट. नेमकी आदल्या दिवशी लखनच्या हातून पाण्याच्या सेन्सरची वायर तुटली. तसली वायर नाशिकमध्ये मिळेना. पूजेला काय कोरा स्क्रीन ठेवायचा? सॉफ्टवेअरमधून त्या स्क्रीनवर हवं ते चित्र लावता येतं. लोक पोरांचे फोटो लावतात, गणपती लावतात. लखनने अडतीसचा आकडा लावून दिला. वायर आली की गुपचूप बदलू, म्हणाला. मग दिवाळी आली, मग लग्नसराई, आणि पुढे पुढे कुठल्या तोंडाने जायचं म्हणून हा शहाणा गेलाच नाही.

इकडे अण्णा गावभर सांगत सुटले. लखनचं मशीन बघा, तापतच नाय. त्यांच्या शब्दावर गिऱ्हाइकं यायची, आणि दर गिऱ्हाइकामागे लखनला आपलीच लाज वाटायची. शेवटी काल अण्णांचा फोन आला, “आकडा हलत नाय रे. येऊन बघ.” आज तो नवी वायर खिशात घालून आला होता, आणि सांगून टाकायचं ठरवूनच आला होता. नाक कापलं गेलं तर जाऊ दे.

“मी म्हणत होते अण्णांना, कशाला एवढ्या गारठ्यात बोलावता त्यांना,” मनीषा म्हणाली. संक्रांत होऊन गेली तरी खोलीत बसवत नव्हतं. तिने शाल गुंडाळून घेतली होती. “चांगलं चाललंय मशीन. आणि आत्ता मुंबईच्या कामाचं रेंडर लागलंय सकाळपासून. बंद नाही करता येणार.”

तिच्यासमोरच्या मॉनिटरवर व्हिडिओ तयार होत असल्याची हिरवी पट्टी दिसत होती. निम्म्याच्या थोडी पुढे.

“बंद करावं लागणार नाही, ताई.”

“नंतर कधीतरी केलं तर?”

तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. लखनला वाटलं, हिला कळलंय सगळं. सासऱ्यासमोर आपली अब्रू राखायला बघतेय बिचारी. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“नंतर नाय, आत्ता,” अण्णा म्हणाले. “अरे, मी उभा जन्म गेज वाचले. इंजिन रिकामं असलं की हवेइतकंच गार असतं. कामाला लागलं की तापणार म्हणजे तापणार. आमची सून सकाळपासून रात्रीपर्यंत राबती. मुंबईचे सिनेमावाले तिच्या भरवशावर बसलेत. शाळेतली नोकरी मीच सोडायला लावली तिला, घरातल्यांशी भांडून. आन हा आकडा अडतीसवर झोपलाय. थांब, चष्मा आणतो. खरा आकडा मला माझ्या डोळ्यांनी बघायचाय.”

अण्णा आत गेले. लखनने एका दमात सांगून टाकलं, “ताई, माफ करा. तो आकडा खोटा आहे. वायर तुटली होती, म्हणून मी फोटो लावून दिला.”

मनीषा त्याच्याकडे बघतच राहिली. ती चिडली नाही. खुर्चीवर टेकली.

“म्हणजे खरा आकडा आजपर्यंत दिसलाच नाही?”

“नाही. आता दिसेल. अण्णांनाही मी स्वतःच सांगतो.”

“नको,” ती म्हणाली. “राहू द्या तसंच.”

“तुम्ही माझ्यासाठी खोटं बोलू नका, ताई. मला फार लाज वाटते या सगळ्याची.”

लखनने काच बाजूला केली, नवी वायर बसवली आणि सॉफ्टवेअरमध्ये जाऊन फोटो काढून टाकला. गोल स्क्रीन क्षणभर काळा झाला. मग त्यावर आकडा उमटला.

२१.

वायर ढिली बसली असेल म्हणून त्याने ती दाबून बघितली. एकवीसच. त्याने नळीला हात लावला. हंड्यातलं पाणी असावं तशी गार. त्याने मॉनिटरकडे पाहिलं. तो आला तेव्हा हिरवी पट्टी जिथे होती, तिथेच होती. तीही नुसतं चित्र; मशीन रिकामंच होतं.

मनीषाने मान खाली घातली होती. शालीचा काठ तिने मुठीत घट्ट धरला होता.

“सापडला गं चष्मा,” आतून अण्णांचा आवाज आला. “किती आला रे आकडा?”

“दोन मिनिटं, अण्णा,” लखन म्हणाला. त्याने वायर ओढून काढली, खिशात घातली आणि भराभर फोटो बनवायला घेतले, एकामागून एक बदलत राहतील असे: एकोणपन्नास, बावन्न, एक्कावन्न, त्रेपन्न.