पगार पावला

“घड्याळ कुणाचं?” आबासाहेब जमादारांनी तिसऱ्यांदा विचारलं.

“माजं,” सहादेव म्हणाला. तिन्ही वेळा त्यानं हेच उत्तर दिलं होतं, आणि दर वेळी ते त्याचं त्यालाच जास्त खोटं वाटत होतं. चौकीतल्या टेबलावर घड्याळ टिकटिकत पडलं होतं. चामडी पट्टा, काळी तबकडी, अंधारात चमकतील असे हिरवट आकडे. खांद्यावर मळकं फडकं टाकून चहा देणाऱ्याच्या मनगटावर असलं घड्याळ शोभत नव्हतं, हे सांगायला जमादार कशाला हवा होता?

खरं काय ते त्यानं सांगून टाकलं होतं. भिंगारच्या कँपाजवळ विष्णुपंतांचं हॉटेल. सहादेव तिथं सात वर्षं चहा-भजी पोचवत होता. मंगळवारी दुपारी एक गोरा सोल्जर आला. अगदी कोवळा, मिसरूडही धड न फुटलेला. त्याची पलटण संध्याकाळच्या गाडीनं ब्रह्मदेशच्या लढाईवर निघाली होती. तो तीन कप चहा प्याला. चहाचे पैसे देऊन झाल्यावर त्यानं बक्षिसासाठी खिसे चाचपले. काही उरलं नव्हतं. तेव्हा त्यानं आपलं घड्याळ सोडलं, सहादेवच्या मनगटावर बांधलं आणि मागं न बघता चालता झाला.

जमादारांनी ऐकून घेतलं आणि साक्षीदार कोण म्हणून विचारलं. पलटण तर गेलेली. हॉटेलात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. शेजारच्या खुर्चीवर बसलेले विष्णुपंत म्हणाले, आपण त्या वेळी आत भटारखान्यात होतो, आपल्याला काही ठाऊक नाही. सहादेवलाही आसपास कुणी दिसलं नव्हतं. तो त्या पोराच्या तोंडाकडं बघत राहिला होता.

पंतांचं आणि त्याचं बिनसलं होतं ते पगारावरून. सात वर्षांत पगार म्हणून पंतांनी त्याच्या हातावर एक पैसा ठेवला नव्हता. दोन वेळचं जेवण, निजायला हॉटेलची पडवी, आणि गिऱ्हाईक देईल ते बक्षीस. लढाई सुरू झाल्यापासून बक्षीस बरं मिळायचं, नाही असं नाही. पण त्यासाठी हसावं किती लागायचं! सोल्जरनं बशी भिरकावली तरी हसायचं, डोक्यावरची टोपी उडवली तरी हसायचं. आणि पलटण हलली की पुढची येईपर्यंत सगळा कोरडा कारभार. अशा वेळी राहुरीकडं गावी राहिलेली छबूबाई निरोप धाडायची, तुमचा पगार तरी किती हाय ते कळवा. बायकोला काय कळवावं हे त्याला सुचायचं नाही.

पंतांचं म्हणणं सरळ होतं. लोक खुशीनं देतात, तोच तुझा पगार. वर मी आणखी कशाला द्यायचा? गेल्या सोमवारी सहादेवनं धीर करून उत्तर दिलं होतं.

“पंत, मानूस खूश झाला तर बक्षीस देतो. मी राबतो ते कोन खूश हाय आन् कोन न्हाई, हे बघून न्हाई राबत.”

पंत हसले. मग सहादेवनं उरलेलंही सांगितलं. तो नगरला जाऊन एका वकिलाला भेटून आला होता. वकील म्हणाला होता, खुशाल दावा लाव. पगार दिल्याची एकसुद्धा पावती मालकाकडं नाही, कोर्टात त्याला तोंड उघडता येणार नाही. पंतांचं हसू तिथंच थांबलं. गुरुवारी सकाळी पोलीस शिपाई हॉटेलात आला.

जमादार तसे वाईट नव्हते. गोऱ्याच्या घड्याळाचं प्रकरण वर गेलं तर आपल्यालाही ताप, हे त्यांना कळत होतं. त्यांनी आवाज खाली आणला.

“पगार मिळत नाही म्हणालास, तर पोटासाठी चोरी केली असंच सगळे म्हणतील. सहा महिने आत बसशील. मिळतो म्हणालास, तर चोरीला कारणच राहत नाही. पंत तक्रार मागं घ्यायला तयार आहेत. बोल, पगार मिळतो का?”

सहादेवनं पंतांकडं पाहिलं. पंत खिडकीबाहेर बघत होते. त्याला वकिलाचं बोलणं आठवलं. मग पाणवठ्यावर घागर घेऊन उभी असलेली छबूबाई आठवली, आणि चोराची बायको म्हणून तिच्याकडं वळून बघणाऱ्या बायका.

“मिळतो,” तो म्हणाला.

जमादारांनी मोठ्यानं बोलायला सांगितलं.

“मिळतो, साहेब. दर म्हैन्याला.”

जबाब लिहून झाला. जमादारांनी तो वाचून दाखवला. दरमहा बारा रुपये पगार, आजपर्यंतचा सगळा पावला, मालकाकडून काही येणं नाही. सहादेवनं अंगठा उठवला. पंतांनी एक नक्कल मागून घेतली, तिच्यावरही उठवला. पलटणीचा पत्ता काढून घड्याळ पाठवून देतो म्हणून पंतांनी तेही ताब्यात घेतलं. असा मालक मिळायला नशीब लागतं, असं जमादार म्हणाले आणि त्यांनी सहादेवला पंतांच्या पाया पडायला लावलं. तो पडला.

बाहेर रणरणतं ऊन होतं. पंत पुढं, सहादेव मागं. अंगठ्याची शाई तो धोतराला पुसत होता, ती निघत नव्हती. बाजाराच्या वळणावर चिंचेखाली पंत थांबले. त्यांनी नक्कल नीट घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. मग दुसऱ्या खिशातून घड्याळ काढलं आणि सहादेवच्या हातावर ठेवलं.

“घे, तुझंच आहे,” ते शांतपणे म्हणाले. “त्यानं बांधलं तेव्हा मी भटारखान्याच्या दारात उभा होतो.”