कापूरहोळ फाट्यावरची दहा माणसं

“नऊ माणसं आहेत, आणि नऊपैकी एकही तुझ्याकडं बघत नाहीये,” शिवानी मॅडम म्हणाल्या. “सगळी तुझ्या उजव्या खांद्यामागं बघून हसतायत. कोण उभं होतं तिथं?”

हीनानं टेबलावर मांडलेले नऊ फोटो पुन्हा निरखले. पुण्यात फोटोग्राफी शिकायला लागून तिचं तिसरं वर्ष सरत आलं होतं आणि वार्षिक प्रदर्शनात एक अख्खी भिंत तिच्या वाट्याला आली होती. विषय तिनंच निवडला होता, फाट्यावरची रोजची माणसं. भिंतीवर दहा फोटोंची जागा होती.

“दहावा फोटो त्या माणसाचा,” मॅडम म्हणाल्या. “उद्या सकाळी दहापर्यंत आण. नाहीतर भिंत दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागेल.”

तिथं अब्बा उभे होते. दुसरं कोण असणार? कापूरहोळ फाट्यावर मुजफ्फर मिस्त्रींचं पंक्चरचं दुकान म्हणजे चार पत्रे, एक कॉम्प्रेसर आणि पाण्याचं एक घमेलं. कॉलेजात हीनानं ‘वडिलांचा टायरचा व्यवसाय आहे’ एवढंच सांगून ठेवलं होतं. ते खोटं नव्हतं. पण ते सांगून झालं की ती घाईघाईनं विषय बदलायची. म्हणून तर साऱ्या फाट्याचे फोटो काढताना तिनं दुकान तेवढं चौकटीबाहेर ठेवलं होतं. “अब्बा, तुम्ही माझ्या मागं उभे राहा,” असं तिनंच सांगितलं होतं.

त्याआधी ती भोरच्या बाजारात फिरली होती आणि तिथं तिची पुरती फजिती झाली होती. आमच्याकडं फोटो म्हणजे सरकारी काम. कॅमेरा वर झाला की माणूस ताठ. जिलेबीवाल्यानं कढई तशीच सोडून केस विंचरले, भाजीवाल्या बाया डोक्यावर पदर घेऊन साक्षीला बोलावल्यासारख्या बसल्या. फाट्यावर मात्र माणसं खुलली. हीनाला वाटलं, आता आपला हात बसला.

हात कसला बसतोय! मागून अब्बा एकेकाची चौकशी करत होते. “ठकुबाई, जावई आला का लेकीला न्यायाला?” हिर्डोशीहून करवंदं घेऊन येणारी ठकुबाई पाटी सावरत म्हणाली, “आला की, हात हलवत!” आणि खळखळून हसली. तो चौथा फोटो. टेम्पोवाल्या धनाजीला त्यांनी विचारलं, “आईच्या डोळ्याची पट्टी सुटली का रं?” त्याचा चेहरा उजळला, तो सहावा. हीनानं स्वतः कुणाला एका शब्दानं काही विचारलं नव्हतं.

दुपारच्या एसटीनं ती फाट्यावर उतरली ती कंबर कसूनच. फोटो घ्यायचा आणि चारच्या गाडीनं परतायचं. लाज वाटली तर वाटू दे.

“अब्बा, आज तुमचा फोटो. दुकानासकट.”

अब्बांनी काळे हात फडक्याला पुसले, सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि श्वास कोंडून उभे राहिले. झाला आधार कार्डाचा फोटो. तिनं दहा काढले, वीस काढले, चेहरा काही सुटेना. तोवर तिच्या मागं गंमत बघायला माणसं जमली. करवंदाची पाटी घेऊन ठकुबाई आली, टेम्पो बाजूला लावून धनाजी आला.

आपणही अब्बांना काहीतरी विचारावं म्हणून हीनानं तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. ठकुबाईचा जावई तिला ठाऊक होता, धनाजीच्या आईचा डोळा ठाऊक होता. बापाला विचारावं असं काही सुचेना. आजवर तिनं त्यांना विचारलेलं सगळं स्वतःपुरतंच होतं. माझा डबा भरला का, माझी गाडी गेली का. तिची तिलाच शरम वाटली. पण हात हलवत परत जायचं नव्हतं. तिनं पुन्हा कॅमेऱ्याला डोळा लावला. चौकटीत पत्रा सरळ होता, खांब सरळ होता, अब्बा तेवढे एका बाजूला कलले होते.

“अब्बा, सरळ उभे राहा ना.”

“ह्याच्याहून सरळ व्हत न्हाई, पोरी.”

तिनं कॅमेरा खाली झुकवला. डावा गुडघा वाकलेलाच होता. सुट्टीला ती घरी यायची तेव्हा अब्बा नेहमी बसलेलेच असायचे, आणि फाट्यावर तर तिनंच त्यांना पाठीमागं उभं केलं होतं. तिनं चौकट पुन्हा त्यांच्या तोंडावर आणली.

“कधीपासून?”

अब्बांचा चेहरा एकदम जागा झाला. डोळे मोठे करून, पार घाबरून, त्यांनी तिच्या खांद्यामागच्या माणसांना खुणावलं, बोलू नका म्हणून. हीनाचं बोट सवयीनं दाबलं गेलं. दहावा फोटो निघाला, आणि बाकीच्या नऊंपेक्षा चांगला निघाला.

समोर पुण्याची गाडी येऊन थांबली. हीनानं तिच्याकडं पाठ केली आणि मागच्या माणसांसमोर उभी राहिली.

“मला सांगितल्याशिवाय मी इथनं हलणार नाही,” ती म्हणाली. “काय झालंय?”

धनाजी जमिनीकडं बघायला लागला. कंडक्टरनं दोनदा हाक मारली आणि गाडी निघून गेली. शेवटी ठकुबाईनं पाटी खाली ठेवली.

“तीन वर्सं झाली, बाय. तू पुण्याला जायाच्या आदल्या दिशी जॅक निसटला नि गाडी गुडघ्यावर आली. पोरीचं जानं ऱ्हाईल म्हनून त्यानं समद्यास्नी शपत घातली, तुला कुनी बोलायचं न्हाई. आमी म्हनलं, पोर कॅमेऱ्याचं शिकतीया. बघून तिचं तिला कळंलच की.”